लाल दोरी

गॅरेजच्या दाराला मोटर बसवायची,
एवढंच ठरलं.
का, ते कुणी बोललं नाही.

ऑस्गेरचा उजवा हात
नोव्हेंबरपासून खांद्याच्या वर जात नाही.
तो म्हणतो, झोपेत अवघडला.
मी म्हणते, हो, गादी बदलू.

एकतीस हिवाळे त्यानं हे दार हातानं उचललं,
पहाटे तीनला,
गिमलीच्या रस्त्यांवरचा बर्फ ढकलायला निघताना.
खालचं रबर फरशीला गोठून बसलेलं असायचं.
तो बुटाच्या टाचेनं डावीकडे दोनदा ठोकायचा,
उजवीकडे एकदा,
मग वाकून, बापाकडून आलेल्या आइसलँडी शिव्या
तोंडातल्या तोंडात.
वर पलंगावर मला सगळं ऐकू यायचं.
दार करकरत वर गेलं की मी कूस बदलायची.

शनिवारी लुसियन डुशार्म आला,
मिशांत बर्फ घेऊन.
टेबलावर त्यानं माहितीपत्रकं पसरली,
स्थळं दाखवावीत तशी.

साखळीची स्वस्त, हाडापेराची दणकट,
पण वर झोपायची खोली आहे ना तुमची?
आट्यांच्या दांड्याची नकोच,
उणे तिसात तिचं ग्रीस मेणासारखं थिजतं.
पट्ट्याची घ्या, पण आत पोलादी तारा आहेत ना ते बघून;
नुसतं रबर थंडीत ताठतं, माणसासारखं.
एक भिंतीवर बसणारीही आहे, दाराच्या कडेला.
तिची किंमत ऐकून ऑस्गेरनं कप खाली ठेवला.

मी विचारलं, दार गोठलेलंच असेल तर?

"ओढून बघेल थोडं. जड लागलं की थांबेल,
माघार घेईल.
जोर किती लावायचा, ते हिवाळ्यात वेगळं ठरवून द्यावं लागतं.
जास्त झाला तर पत्रा वाकतो.
कमी पडला तर दार हलतच नाही."

मी ऑस्गेरकडे बघितलं नाही.
त्रेचाळीस वर्षं मी तो खिळा पाव पाव आटा
इकडे तिकडे फिरवते आहे.

तो इतका वेळ खिडकीतून तळ्याकडे बघत होता,
जणू दार दुसऱ्या कुणाच्या घरचं.
मग म्हणाला, वीज गेली तर?
बॅटरी आहे. वीसेक वेळा उघडेल, गारठ्यात निम्मं धरा.
आणि तीही संपली तर?
लुसियननं चित्रावर बोट ठेवलं:
ही लाल दोरी. ओढली की मोटर सुटते.
मग दार तुमचं, तुमच्या हातातलं.

"ही घेऊ," ऑस्गेर म्हणाला,
जणू दोरीच विकत घेत होतो आम्ही
आणि मोटर वर फुकट मिळत होती.

पट्ट्याची बसवली. स्प्रिंगही बदलली,
जुनीला चीर गेली होती, आम्हाला पत्ताच नव्हता.
तिच्यामुळेच इतकं जड झालेलं, लुसियन म्हणाला,
आता डाव्या हातानंसुद्धा उचलेल कुणीही.
"कुणीही" हा शब्द त्यानं जरा हळू उच्चारला.
भला माणूस. पैसे रोख घेतले, पै घेतले मात्र दोन.

काल रात्री जाग आली. शेजारची उशी गार.
उणे अडतीस होतं बाहेर, आणि ऑस्गेरला निवृत्त होऊन
दोन वर्षं झालीत.

खालून टक् असा आवाज आला.
मग टाच. डावीकडे दोन. उजवीकडे एक.
मग बराच वेळ काहीच नाही,
मी पांघरुणात मुठी आवळून धरलेल्या.
मग दार गेलं वर.
ट्रक सुरू झाला नाही.
नुसतंच उघडं राहिलं काही वेळ,
आणि जमिनीतून गारवा माझ्या पाठीला येऊन लागला.

सकाळी त्यानं बटण दाबलं.
मोटर एकटीच गुणगुणत पट्ट्यावरून सरकली,
दार जागच्या जागी.
लाल दोरी लोंबत होती.
"बिघडली बहुतेक," तो म्हणाला.
मी म्हटलं, हो, थंडी आहे ना,

आणि तो पत्र्यावरचा बर्फ बघायला बाहेर गेल्यावर
स्टुलावर चढून आकडा परत अडकवला.